मुक्कामी गाडीला आग लागू नये म्हणून: पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांसाठी

गेल्या काही वर्षांत आमच्या भागात एक नवी हौस रुजली आहे. जुनी ट्रॅव्हलर नाहीतर मालवाहू व्हॅन घ्यायची, आत दोन पलंग, छोटा ओटा, गॅस, पंखा, फ्रीज बसवायचा आणि लेकराबाळांना घेऊन नागझिरा, ताडोबा, लोणार, चिखलदरा करत फिरायचं. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून हा विषय गावागावांत पोचला. श्रावणात पचमढीच्या नागद्वार यात्रेला निघणारी मंडळीही आता अशा गाड्या तयार करून घेतात. आमच्याकडे सगळे तिला मुक्कामी गाडी म्हणतात.

मी साकोलीच्या बाजूला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. अशा बऱ्याच गाड्या उघडून पाहिल्या आणि एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकीत दिसली: आगीची सुरुवात सांध्यात होते. गॅसची नळी शेगडीला जोडली तिथे, वायर बॅटरीला आवळली तिथे, डिझेलचा पाइप फिल्टरला बसवला तिथे, चाक एक्सलवर फिरतं तिथे. घरातला सांधा वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. गाडीतला सांधा रोज खड्ड्यांत आदळतो, उन्हात प्रसरण पावतो, रात्री आकसतो आणि हळूहळू सैल होतो. म्हणून नवी गाडी घेतली की पडदे आणि गादीचा रंग निवडण्याआधी खालची कामं करा.

पहिलं काम: बाहेर पडायच्या दोन वाटा

गाडीच्या आत प्लायवूड, फोमची गादी, सनमायका, पडदे, रेक्झिन असं सगळं भराभर पेटणारं सामान असतं. त्यातून निघणारा काळा धूर माणसाला आगीच्या आधी बेशुद्ध करतो. हातात वेळ फार तर दोन-तीन मिनिटं. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. बस दाराच्या बाजूवर पडली होती. जे वाचले त्यातले काही काच फोडून बाहेर आले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला मदुराईत उभ्या असलेल्या एका पर्यटक रेल्वेडब्यात यात्रेकरूंच्या सिलिंडरमुळे आग लागली, ९ जण दगावले. तो डबा चालत नव्हता, उभा होता. मुक्कामाच्या गाडीचं तेच असतं, ती पेटते तेव्हा लोक बहुधा आत झोपलेले असतात.

तेव्हा गाडीच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना दोन वाटा हव्यात. एक सरकतं दार आणि दुसरं मागचं दार, किंवा मोठ्या माणसाचे खांदे निघतील एवढी खिडकी. बनवून देणारे जागा वाचवण्यासाठी मागच्या दाराला पलंग आडवा ठोकून टाकतात. तसं करू देऊ नका. दोन्ही वाटा आतून, अंधारात, चावीशिवाय उघडल्या पाहिजेत. काच फोडायची हातोडी पलंगाशेजारी लावा, ड्रॉवरमध्ये नको. ओटा आणि शेगडी शक्यतो दारापासून दूर ठेवा, म्हणजे आग माणूस आणि दार यांच्या मध्ये येणार नाही.

आणि एकदा खरंच करून पाहा. रात्री दिवे बंद करून घरातल्या सगळ्यांना मागच्या वाटेने उतरायला लावा. आमच्या आईचे गुडघे दुखतात, तिला मागून उतरताच येईना. तेव्हा कळलं की तिथे एक पायरी वेल्डिंग करून घ्यायला हवी.

दुसरं काम: गॅस

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला की खाली बसतो, पलंगाखाली, ड्रॉवरच्या तळाशी साचतो. एक लिटर द्रव गॅसची वाफ झाली की साधारण अडीचशे लिटर होते, आणि हवेत तिचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास पोचलं की एक ठिणगी पुरते. स्वयंपाकघरात खिडकीतून वारा येतो. गाडीची खोली मात्र काचा लावल्या की डब्यासारखी बंद.

मागच्या हिवाळ्यात आम्ही नवेगावबांधला तलावाच्या काठी मुक्काम केला होता. पहाटे घरची मंडळी उठली आणि म्हणाली, "अजी, गॅसचा वास येऊन राहिला." उभं राहिलं तर वास जेमतेम, खाली वाकलं की नाकाला झोंबणारा. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, मोबाइलही उचलला नाही. दोन्ही दारं उघडली, सिलिंडर बंद केला, पोरांना पांघरुणासकट उचलून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेऊन बसवलं. अर्धा तास वारा खेळू दिला, मग उजेडात शोधलं. नळी ड्रॉवरच्या मागून गेली होती आणि प्लायची कडा प्रत्येक खड्ड्याला तिच्यावर घासत होती. नखाएवढ्या जागेत वरचं आवरण झिजून आतली जाळी दिसत होती.

त्यानंतर मी प्रत्येक गाडीत हे पाहतो. सिलिंडर झोपायच्या खोलीत नको. बाहेरून उघडणारा वेगळा कप्पा करा, आतल्या बाजूने तो पूर्ण बंद असावा आणि त्याच्या तळाला हाताच्या पंजाएवढी जाळीची मोकळी जागा असावी, म्हणजे गळलेला गॅस खाली रस्त्यावर जाईल. ५ किलोचा सिलिंडर पुरतो. तो उभाच ठेवायचा आणि पट्ट्याने दोन ठिकाणी बांधायचा. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव गॅस नळीत येतो आणि ज्योत एकदम भडकते. छोटा सिलिंडर बाजारातल्या कोणाकडूनही मोठ्यातून भरून घेऊ नका, अधिकृत वितरकाकडूनच घ्या.

नळी आयएसआय शिक्क्याची, नारिंगी रंगाची सुरक्षा नळी. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. तिच्यावर छापलेली तारीख वाचा. घरात ती ५ वर्षं चालते, गाडीत मी दोन वर्षांनी बदलतो, कारण ती हादरे आणि ऊन दोन्ही सोसते. पत्रा किंवा प्लायमधून नळी जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी रिंग, बसवा. सिलिंडर बदलताना तोंडातली छोटी रबरी रिंग जागेवर आहे का, चिरली आहे का, ते बघा. मग सांध्यांवर साबणाचा फेस लावा. फुगे आले तर गळती. काडी पेटवून गळती शोधणारे अजून भेटतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवा.

गाडी निघण्याआधी रेग्युलेटर बंद, हा नियम कितीही घाई असली तरी मोडायचा नाही. चालत्या गाडीत चहा करायचा नाही. शेगडी चालू असताना एक खिडकी उघडी. पडदा शेगडीपासून हातभर लांब, आणि ओट्यामागे पत्रा. हिवाळ्यात चिखलदऱ्याला किंवा आमच्याकडे गोंदिया-भंडाऱ्यात पारा उतरला की लोक आत सिगडी घेऊन झोपतात. तसं कधीच करू नका. गादी पेटली नाही तरी कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता झोपेतच जीव घेतो. मच्छर अगरबत्ती आणि देवापुढची उदबत्तीही गादीपासून दूर, पितळी ताटलीत ठेवा, आणि झोपण्याआधी विझवा.

गळती सापडत नसेल तर १९०६ हा गॅसचा आपत्कालीन क्रमांक चोवीस तास सुरू असतो. फोन मात्र गाडीपासून लांब जाऊन लावा.

तिसरं काम: वायरिंग

हे माझं रोजचं काम आहे, आणि नवे लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. त्यांना वाटतं १२ व्होल्ट म्हणजे काय, हात लावला तरी शॉक बसत नाही. शॉक बसत नाही हे खरं, पण आग लावायला १२ व्होल्टची बॅटरी घरच्या विजेपेक्षा कमी नाही. हिशोब करा. १५०० वॅटची किटली घरी २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढते. तीच किटली इन्व्हर्टरमधून चालवली की १२ व्होल्टच्या बाजूला १२५ अँपिअर होतात, आणि इन्व्हर्टरमधली तूट धरली तर १४० च्या आसपास. घरच्या बोर्डाची वायर लावून भागत नाही. बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर कमीत कमी ठेवा आणि केबल ५० चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची लावा.

मागे एक काकाजी लाखनीकडून गाडी घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, इन्व्हर्टर चालू केला का काहीतरी जळल्यासारखा वास येऊन रायला." पलंगाखालची फळी काढली. बॅटरीच्या लाल केबलचं थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) निळंकाळं पडलं होतं, त्याच्या मागचं आवरण वितळून गुळाच्या पाकासारखं चिकट झालं होतं आणि त्यावर गादीचा कापूस चिकटला होता. थिंबल बोटाने हलवलं, तर केबलवर गोल फिरलं. ज्याने बसवलं त्याने प्रेसऐवजी हातोडीने ठोकून चपटं केलं होतं. अशा सैल सांध्याचा विजेला होणारा विरोध (रेझिस्टन्स) एका ओमचा शंभरावा भाग जरी धरला, तरी १०० अँपिअरला तिथे १०० वॅट उष्णता तयार होते. जुना शंभरचा पिवळा बल्ब किती चटका देतो, आठवा. तो बल्ब गादीखाली पेटता ठेवल्यासारखंच ते होतं. अजून एखादा मुक्काम झाला असता तर काय झालं असतं, हे मी काकाजींना सांगितलं नाही. त्यांना ते कळलं होतं.

तर करायचं असं. थिंबल हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या आणि दाबल्यावर जोर लावून ओढून बघा. बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून एका वितीच्या आत मुख्य फ्यूज. तो तिथेच हवा, कारण फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्या मध्ये वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारं कोणी नसतं. प्रत्येक शाखेला तिच्या वायरच्या जाडीप्रमाणे वेगळा फ्यूज: अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरला २० अँपिअरच्या वर जाऊ नका. फ्यूज उडाला की कारण शोधा. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून काम भागवायची सवय इकडे फार आहे, आणि त्या चांदीने मी दोन डॅशबोर्ड जळालेले पाहिले आहेत. वायर पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट, सगळीकडे कॉन्ड्युट (वायर आतून न्यायची नळी), आणि प्रत्येक वीतभर अंतरावर क्लिप. वळलेल्या तारांवर टेप गुंडाळून केलेला जोड गाडीत चालत नाही. आपल्या उन्हात टेपचा गोंद पातळ होऊन ती आपोआप सुटते.

बॅटरी कोणती घ्यायची? साधी लेड-अ‍ॅसिड घेतली तर चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून तिच्या पेटीला बाहेर हवा जाणारा पाइप हवा. लिथियम घेणार असाल तर लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची, चांगल्या बीएमएससह (बॅटरीला जास्त चार्जिंगपासून वाचवणारं सर्किट) आणि तिच्याच चार्जरसह घ्या. सुटे सेल जोडून बनवलेला स्वस्त पॅक झोपायच्या खोलीत मी बसवून देत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. उन्हाची गोष्ट तर विदर्भात विसरूच नका. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बाहेर ४५ असताना उन्हात उभ्या बंद गाडीत ६० च्या वर जातं. अनेक लिथियम बॅटऱ्यांच्या कागदावर चार्जिंगची मर्यादा ४५ अंश लिहिलेली असते. तेव्हा मे महिन्यात भर दुपारी सोलरवरून चार्जिंग बंद ठेवा, सकाळी दहापर्यंत काय भरेल ते भरू द्या. छपरावरच्या सोलरच्या वायरींचे जोड एकाच कंपनीचे असावेत. दोन कंपन्यांचे वरून सारखे दिसतात, आत पक्के बसत नाहीत आणि वितळतात.

शेतात किंवा ढाब्यावर बाहेरची वीज घ्यायची वेळ येते. साध्या ५ अँपिअरच्या सॉकेटवर एसी किंवा किटली लावू नका. एक्स्टेन्शनची केबल पूर्ण उलगडा, गुंडाळलेली रीळ आतून तापून वितळते. गाडीत वीज शिरते तिथेच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) आणि एमसीबी (भार वाढला की तोडणारा स्विच) बसवा. आकडा टाकून वीज देतो म्हणणाऱ्याला हात जोडा. मोटारपंपाच्या लाइनवर व्होल्टेज इतकं खालीवर होतं की फ्रीजचा कॉम्प्रेसर जळतो.

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून आलेले लोक मला गॅसवर चालणाऱ्या फ्रीजबद्दल विचारतात. तिकडच्या गाड्यांतल्या त्या फ्रीजमध्ये अमोनिया आणि हायड्रोजन असतो आणि त्यांच्यामुळे आगी लागल्या आहेत. आपल्याकडे १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज सहज मिळतो. तोच घ्या, तो विषय तिथेच संपतो.

चौथं काम: चाकं, इंजिन आणि उंदीर

आत पलंग, टाकी, बॅटऱ्या चढवल्या की गाडीचं वजन बरंच वाढतं. ब्रेक चिकटून राहिला तर ड्रम लाल होईपर्यंत तापतो आणि टायर पेटतो. प्रत्येक थांब्यावर चारही चाकांच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम वाटलं तर लायनर नाहीतर बेअरिंग बघायला मेकॅनिक गाठा. घाट उतरताना ब्रेकवर बसून राहू नका, खालच्या गिअरवर उतरा. हवा भरताना वाढलेलं वजन धरा.

बोनेटखाली डिझेलचे रबरी पाइप आणि होज क्लिप दर महिन्याला बघा. ओलसर डाग दिसला आणि तो टर्बो किंवा सायलेन्सरच्या वर असेल, तर गाडी तिथेच थांबवा.

पावसाळ्यानंतर अंगणात उभी राहिलेली गाडी थेट चालू करू नका. धान कापणीच्या दिवसांत उंदीर बांधावरून घराकडे येतात, बोनेटखाली तणसाचं (धानाच्या वाळल्या काड्यांचं) घर करतात आणि वायरींचं आवरण कुरतडतात. खारी तेच करतात. एका ट्रॅव्हलरच्या एअर फिल्टरजवळून मी ओंजळभर तणीस आणि भुईमुगाची फोलपटं काढली आहेत. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, आणि निघण्याआधी टॉर्च घेऊन आत बघा.

पाचवं काम: गाडी उभी कुठे करायची

आपल्या भागात आग बाहेरूनही येते. नोव्हेंबर-डिसेंबरात शेताच्या कडेला धानाचे पुंजणे (कापलेल्या धानाचे रचलेले ढीग), वऱ्हाडात पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळल्या झाडांचे) आणि तुराट्यांचे ढीग, गोठ्याशेजारी कुटार (गुरांचा वाळला भुसा). गाडीचा सायलेन्सर नुकताच तापलेला असतो. नव्या बीएस ६ डिझेल गाड्यांत तर धुराचा फिल्टर स्वतःला साफ करताना साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत जातो. वाळलेल्या गवतावर अशी गाडी उभी केली की पोटाखालून आग सुरू होते आणि वर बसलेल्याला कळतही नाही. खडकाळ, मुरमाची, नांगरलेली किंवा सारवलेली जागा बघा. पुंजण्यापासून निदान पन्नास पावलं लांब. गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवा, म्हणजे पळवायची झाली तर वळवावी लागत नाही.

जंगलालगत असाल तर १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम असतो. मोहफुलं वेचणारे झाडाखालचा पाला जाळतात आणि ती आग वाऱ्याने पसरते. या दिवसांत साग आणि बांबूच्या पाल्यावर मुक्काम नको, बाहेर चूल पेटवणं नको. वनरक्षकाला विचारा, तो योग्य जागा दाखवतो.

सहावं काम: विझवायचं सामान

एबीसी प्रकारचे कोरड्या पावडरचे दोन अग्निशामक, प्रत्येकी किमान २ किलो, आयएसआय शिक्क्याचे. एक चालकाच्या दाराशी, दुसरा बाहेरून हात पोचेल अशा कप्प्यात. काटा हिरव्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघा, आणि उलटा करून हलवा, कारण हादऱ्यांनी पावडर तळाला घट्ट बसते. छताला धुराचा अलार्म, आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर गॅसचा अलार्म. गॅसचा अलार्म छताला लावलेली गाडी मी पाहिली आहे, तो वाजेपर्यंत पलंग गॅसमध्ये बुडालेला असेल.

आग लागलीच तर

सगळ्यात आधी माणसं बाहेर, म्हातारी आणि लेकरं पुढे. गाडी चालत असेल तर बाजूला घ्या, इंजिन बंद, हँडब्रेक. सगळे बाहेर आल्यावर हात पोचत असेल तरच सिलिंडर आणि बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा. आग ताटाएवढी असेल आणि दार तुमच्या पाठीशी असेल तर अग्निशामक वापरा: पिन काढा, नळी ज्वाळेच्या बुडाकडे धरा, दाबा, झाडल्यासारखं डावीउजवीकडे फिरवा. २ किलोचा अग्निशामक दहा-बारा सेकंदांत संपतो. तेवढ्यात विझली नाही तर मागे फिरा. बोनेटमधून धूर येत असेल तर बोनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडकते. बोटभर फट करून तिथून मारा. कढईतलं तेल पेटलं तर पाणी टाकू नका, गॅस बंद करून झाकण सरकवा.

मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला, पन्नास-साठ मीटर लांब, आणि ११२ किंवा १०१ ला फोन. तालुक्याच्या नगरपरिषदेचा बंब गावाकडच्या रस्त्याने यायला वेळ लागतो, म्हणून गाव, फाटा, किलोमीटरचा दगड नीट सांगा. पैशाची पिशवी, मोबाइल, कागदपत्रं आणायला परत कोणीही आत जायचं नाही. हे आधीच घरात बोलून ठेवा, कारण त्या वेळी कोणी ऐकत नाही.

भाजलं असेल तर त्या जागेवर वीस मिनिटं साधं पाणी ओता. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका, चिकटलेला कपडा ओढू नका, १०८ ला बोलवा.

लिथियम बॅटरी विझल्यासारखी दिसली तरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. जळालेली गाडी ओढून घरी आणलीत तर ती गोठ्यापासून आणि पुंजण्यापासून लांब उघड्यावर उभी करा, आणि ती रात्र कोणीतरी जागं राहून तिच्यावर लक्ष ठेवा.